ज्याचा निरोप त्यानंच पुसायचा

रामनगरच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाच्या दारात एक काळा फळा टांगलाय आणि त्यावर रोज सकाळी मी खडूनं दोन ओळी लिहायचो. वर पांढऱ्या ऑइलपेंटनं कायमचं लिहिलंय, 'आजच्या दिवशी'. खाली रॉक आणि पॉप संगीताच्या इतिहासात त्या तारखेला काय घडलं ते. कुणाची पहिली रेकॉर्ड निघाली, कुठला बँड फुटला, कोण विमान कोसळून मेला, कोण नुसताच मेला. बावीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

गावाला याचा काडीचा उपयोग नाही हे मला कुणी सांगायला नको. तरी सांगायचे. पिठाच्या गिरणीचा परशू रोज फळा वाचायचा आणि रोज विचारायचा, "गुरुदास अण्णा, आज करंट कवा जाणार ते लिवा की. ह्यो गोरा मेला त्येचं सुतक आमी धरायचं व्हय?" गाढवाला गुळाची चव काय. माझ्याकडे एक जाड वही आहे, तीनशे सहासष्ट पानांची, एका तारखेला एक पान. जुन्या मासिकांतून, रेडिओवरून आणि आता मोबाईलवरून गोळा करून ती मी भरली आहे. माझी बायको दीपाली म्हणते, एवढी माझ्या वाढदिवसाची तारीख लक्षात ठेवली असती तर सोनं झालं असतं.

उन्हं तिरपी आली की 'आजच्या दिवशी'च्या खाली जुनी अक्षरं उमटतात. रंगाचा एक हात दिला, दोन दिले, तरी दिसतातच. तिथं माझ्या वडिलांनी लिहून घेतलं होतं, 'फोन आलेत'.

तेव्हा या जागेत आमचा एसटीडी बूथ होता. जोयड्याच्या त्या बाजूच्या रानातल्या वाड्यांना फोन ठाऊक नव्हता. ज्याची पोरं गोव्यात, पुण्यात कामाला, त्यांनी आमचा नंबर दिलेला असायचा, पुढे 'पी.पी.' लिहून, म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप याचा. फोन आला की आम्ही फळ्यावर नाव, गाव आणि फोन कुठून आला ते लिहायचो. एसटीचे कंडक्टर बस सुटण्याआधी फळा वाचायचे आणि वाटेत ज्याच्या त्याच्या वाडीला सांगायचे. मग तो माणूस बाजारादिवशी यायचा, फळ्यावरचं आपलं नाव आपल्या तळव्यानं पुसायचा आणि केबिनमध्ये जाऊन फोन लावायचा. दुसऱ्यानं नाव पुसायचं नाही. वडिलांचा नियमच होता, ज्याचा निरोप त्यानंच पुसायचा. नाव पुसलं म्हणजे निरोप पोचला. एखाद्याचं नाव पंधरा पंधरा दिवस राहायचं, पण वडील त्याला हात लावायचे नाहीत.

हा नियम त्या फळ्यावर एकदाच मोडला आणि तो मी मोडला.

यंदा तीस जानेवारीला मी लिहिलं होतं, '१९६९. लंडनमध्ये चौघांनी ऑफिसच्या गच्चीवर चढून वाजवलं. खाली गर्दी जमली. पोलीस आले.' अकराच्या सुमाराला एक मुलगी हॉस्पिटलचे कागद घेऊन झेरॉक्सला आली. विशीची असेल. कागदांवरचं नाव मी वाचलं आणि मशीनचं झाकण तसंच उघडं राहिलं.

"तुमी गुरुकाका न्हवं?" ती म्हणाली. "मी मयूरी. लखूची लेक. दिग्गीची."

लखूला मी तेवीस-चोवीस वर्षांत समोरासमोर पाहिलं नव्हतं. लांबून दिसला तर मी दुकानात आत जायचो.

"बाप्पाला घशाचं झालंय," ती म्हणाली. "बेळगावास्नं घरला लावून दिलं. आता काय करायचं न्हाई म्हणाले. भोक पाडलंय हितं, बोलाय येत न्हाई, वहीत लिवतो." तिनं स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. रडली नाही. रडून झालं असावं.

मी प्रती मोजून तिच्या हातात दिल्या. तिनं पिशवीतून वहीचं फाडलेलं पान काढून माझ्यापुढे ठेवलं. लखूचं अक्षर होतं, सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं, मोठं आणि वाकडं. 'गुरू, ४ फेब्रुवारीला आपल्याला पंचवीस वर्सं हुतात. तुज्या फळ्यावर एक डाव माजं नाव लिव. मी बगाय येतो.'

"त्येला लई हौस हाय तुमच्या फळ्याची," मयूरी म्हणाली. "बसवाल्यांना इचारायचा, आज गुरूनं काय लिवलंय म्हणून. लिवशीला न्हवं, काका?"

"लिहितो की," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

जाता जाता मी तिला उगाच विचारलं, तू गातेस का. विचारायला नको होतं.

"गळा हाय म्हणत्यात. कॉलेजात मॅडमनी नाव दिलं हुतं धारवाडला, गान्याच्या स्पर्धेला. बाप्पानं धाडलं न्हाई. म्हणतो, ती लोकं ऐकत्यात, टाळ्या पिटत्यात, आनी मग बलवत न्हाईत. मला न्हाई बलवलं, तुला काय बलवणार." एवढं सांगून ती बसकडे गेली.

आता सांगतो. टाळण्यासारखं काही राहिलेलं नाही.

आमचा बँड तिघांचा. नाव 'बँकर'. कॅसलरॉकच्या घाटात गाडीला मागून ढकलायला जी इंजिनं जोडतात त्यांना बँकर म्हणतात. नाव मी ठेवलं होतं. सुदेशचे वडील रेल्वेत, त्यांच्या क्वार्टरच्या पडवीत आम्ही तालीम करायचो. सुदेश ड्रम वाजवायचा, मी गिटार. लखू रानातल्या दिग्गी वाडीचा कुणबी, रेल्वेच्या ठेकेदाराकडे खडी पसरायला यायचा. एकदा दुपारच्या सुट्टीत तो पडवीच्या पायरीवर बसून ऐकत राहिला आणि दुसऱ्या दिवशी घुमट घेऊन आला. मातीचं मडकं, त्यावर जुनं घोरपडीचं कातडं. त्यानं त्यावर थाप मारली आणि आवाज लावला. आजीकडून ऐकलेलं खळ्यावरचं गाणं, पण ते त्यानं असं काही ताणलं की सुदेशच्या हातातल्या काठ्या थांबल्या. मी ते गाणं गिटारवर बसवलं. मी बसवलं, हे मी त्या काळात ज्याला त्याला सांगत असे.

२००१ साली चार फेब्रुवारीला मडगावात स्पर्धा होती. आम्ही दुसरे आलो. आयुष्यात तेवढं एकदाच. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचे गृहस्थ परीक्षक होते. कार्यक्रम संपल्यावर ते मागे आले, माझ्या हातावर हात टेकवल्यासारखं केलं आणि लखूपुढे जाऊन उभे राहिले. त्याचा पत्ता, फोन विचारला. लखूनं आमच्या बूथचा नंबर सांगितला आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "पी.पी. लिवा. गुरुदासच्या बूथवर सांगा, मला कळतंय."

बावीस फेब्रुवारीला फोन आला. वडील जेवायला गेले होते, बूथवर मी होतो. ते गृहस्थ म्हणाले, लखूला मुंबईला पाठवा, आम्हाला त्याचा आवाज रेकॉर्ड करून बघायचाय. मी म्हटलं, आम्ही तिघं कधी येऊ? ते जरा थांबले आणि म्हणाले, तो एकटा आला तरी चालेल.

माझ्या पोटात दुखलं. दुसरं काही नाही, साधं पोटात दुखलं. गिटार माझी, गाणं मी बसवलेलं, बँडचं नाव माझं, आणि एकटा आला तरी चालेल! मी खडू घेतला, फळ्यापाशी गेलो आणि 'ल' लिहिला. मग अंगठ्यानं पुसून टाकला.

आठ दिवसांनी पुन्हा फोन आला. मी सांगितलं, निरोप दिलाय, तो बघतो म्हणालाय. मार्चच्या अखेरीला तिसऱ्यांदा आला. मी सांगितलं, त्याची इच्छा दिसत नाही. ते म्हणाले, अरेरे, आणि फोन ठेवला. पुन्हा आला नाही.

लखू मात्र येत राहिला. दर बाजाराला. रानातून चालत बसच्या रस्त्याला यायचा, मग बसनं इथं. फळ्यापुढे उभा राहून वरपासून खालपर्यंत प्रत्येक नावावर बोट फिरवायचा. मग माझ्याकडे बघून हसायचा आणि म्हणायचा, "ह्या खेपेला न्हाई, गुरू." एकदाही त्यानं मला विचारलं नाही, की फोन आला होता का. फळ्यावर नाव नाही म्हणजे फोन नाही, यावर त्याचा एवढा विश्वास. पाऊस लागला, रस्ता बंद झाला, तरी दोनदा भिजत आला. दिवाळीनंतर यायचा थांबला.

पुढे मोबाईल आले, बूथ बंद पडला. वडील गेले. रिकामा फळा बघवेना म्हणून मी त्यावर जगभरच्या गाणाऱ्यांच्या तारखा लिहू लागलो. लोकांना वाटलं, हौस. चार फेब्रुवारीच्या पानावर माझ्या वहीत अमेरिकेतल्या एका गायिकेचं मरण आहे. ड्रम वाजवायची, बत्तीस वर्षांची होती. दरवर्षी मी तेच लिहायचो. देवानं त्या तारखेला मला दुसऱ्या कुणाचं तरी मरण दिलं याचं बरं वाटायचं.

दीपालीला हे मी पहिल्यांदा सांगितलं ते मयूरी येऊन गेली त्या संध्याकाळी. ती भाजी निवडत होती. निवडलेली जुडी तिनं पुन्हा एकदा निवडली.

"कार्यक्रमाचं लिहा," शेवटी म्हणाली. "त्याचं नाव लिहा, मोठं लिहा. फोनाचं बोलू नका."

"त्यानं पोरीला गाऊ दिलं नाही गं त्यापायी."

"ते तिचं ती बघेल. तो मरायला टेकलाय. तुमच्या उरावरचं ओझं उतरवायला त्याचाच ऊर सापडला का तुम्हाला?"

ती बरोबर बोलत होती. मला ते पटलंही, कारण पटणं सोयीचं होतं. पुण्याला सुदेशला फोन केला, तो म्हणाला, यायला जमणार नाही, फोटो पाठव. त्याला यातलं काही माहीत नाही.

चार फेब्रुवारीला सकाळी मी फळा ओल्या फडक्यानं दोनदा पुसला आणि लिहिलं, '२००१. मडगाव. बँकर या बँडला दुसरा क्रमांक. गायक आणि घुमट, लखू, दिग्गी. ड्रम, सुदेश. गिटार, गुरुदास.' लखूचं नाव सगळ्यांत मोठं. परशू आला, त्यानं दोनदा वाचलं. "आपल्यातला हाय व्हय ह्यो?" एवढंच म्हणाला.

दहा वाजता जीप आली. पुढच्या सीटवर लखू होता. मी ओळखलं नसतं. अंगावर हाडं, गळ्याला पांढरा रुमाल, शर्ट मात्र इस्त्रीचा. त्याच्या बायकोनं, तुळजानं, एका बाजूनं धरलं, मयूरीनं दुसऱ्या. त्यानं दोघींना हातानं बाजूला केलं आणि स्वतःच्या पायांनी फळ्यापर्यंत आला.

वाचून झाल्यावर तो हसला, आवाज न करता. मग बोट वर करून त्यानं वरपासून सुरुवात केली, अगदी पूर्वीसारखी, एकेक नावावर बोट फिरवत खाली. शेवटच्या ओळीच्या खाली बोट कोऱ्या फळ्यावर थांबलं. तिथं त्यानं दोनदा टकटक केलं, खिशातून वही काढली, भिंतीला टेकवून लिहिलं आणि माझ्यापुढे धरली.

'एक डाव खरं सांग. मागं कवा इचाराय जीव झाला न्हाई. तिकडनं फोन आलाच न्हाई न्हवं?'

त्याला 'नाही' हवं होतं. त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, 'नाही' म्हटलं असतं तर मान हलवून तो निवांत जीपमध्ये बसला असता. दीपाली दुकानाच्या आतून माझ्याकडे बघत होती. मयूरी बापाच्या खांद्यावरून वही वाचत होती. तिच्याकडे बघून माझ्या तोंडून 'नाही' निघेना.

"आला होता," मी म्हटलं. "तीनदा आला होता. मी लिहिलं नाही."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं तीन बोटं वर केली आणि भुवया उंचावल्या. तीन? मी मान हलवली. आणि त्याचा चेहरा फुलला. खरंच फुलला. तो तुळजाकडे वळला, तिच्यापुढे तीन बोटं नाचवली, मग मयूरीपुढे, मग परशूपुढे, ज्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. तीनदा! मुंबईहून! त्याचे खांदे हलत होते, गळ्याच्या रुमालाखालून हवेचा शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. पंचवीस वर्षं नापास म्हणून जगलेला माणूस पास झाला होता.

मग हळूहळू ते ओसरलं. बोटं खाली आली. मी काय केलं होतं ते त्याला कळायला तेवढा वेळ लागला.

तुळजाला आधीच कळलं होतं. "भावजी," ती म्हणाली, "किती मैल चालून येत हुता त्यो. पायात कायबी न्हवतं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी हात जोडले. काहीतरी बोललोही असेन, आता आठवत नाही. लखूनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं फडकं उचललं, फळ्यावरचं सगळं पुसलं, स्वतःचं मोठं नावसुद्धा, आणि खडू माझ्यापुढे धरला. मग कोऱ्या फळ्यावर बोट आपटलं. लिही.

काय लिहायचं ते सांगायची गरज नव्हती. मी वडील लिहायचे तसंच लिहिलं. 'लखू, दिग्गी. मुंबईहून फोन.' 'ल' दोनदा गिरवावा लागला. लिहून मी बाजूला झालो आणि वाट बघत राहिलो. तो तळवा टेकवेल, नाव पुसेल, निरोप पोचेल, माझी सुटका होईल. आशा कशी निर्लज्ज असते बघा.

त्यानं तळवा उचलला. अक्षरांच्या अगदी जवळ नेला. तुळजा हळूच म्हणाली, "पूस बाबा. जाऊ दे."

लखूनं मान हलवली. नाही. हात खाली घेतला, खिशात घातला आणि वळला.

जीपमध्ये बसल्यावर त्यानं वहीत काहीतरी लिहून मयूरीला दिलं. तिनं वाचलं आणि तोंडावर ओढणी धरली. मग ती खाली उतरून माझ्याजवळ आली. मला वाटलं, पान मला दाखवणार. तिनं ते घडी करून मुठीत धरलं होतं.

"मला धारवाडला जा म्हणतोय," ती म्हणाली. "पर तुमचं नाव कुटं सांगायचं न्हाई म्हणतोय. बँड दोगांचा हुता म्हणून सांग म्हणतोय."

जीप गेली. दीपालीनं मला पाणी आणून दिलं.

सतराला, मंगळवारी, लखू गेला. मी दिग्गीला गेलो. वाडीच्या अलीकडे आंब्याखालीच उभा राहिलो. कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. माणसं माझ्या बाजूनं जात राहिली. दुसऱ्या बसनं परत आलो.

फळा मी पुसलेला नाही. खडूची पेटी आत ठेवली, वहीही. तारखा येतात आणि जातात. कुणाच्या रेकॉर्डला पन्नास वर्षं होत असतील, कुणाला मरून चाळीस, जग त्यांचं बघून घेईल. परशू दोन-चार दिवस विचारत राहिला, आता विचारत नाही.

बावीस तारखेला रविवार होता. पहिल्या फोनाला बरोबर पंचवीस वर्षं. सकाळी दिग्गीची बस लागली. नवा कंडक्टर आहे, ओंकार म्हणून, त्याच्या बापानंही याच रस्त्यावर कंडक्टरकी केलेली. तिकिटाचं मशीन खांद्याला अडकवून तो चहा प्यायला उतरला आणि फळ्यापुढे थांबला. बापाकडून ऐकलं असावं त्यानं, या फळ्यावरचे निरोप पोचवायचे असतात म्हणून.

"लखू, दिग्गी," त्यानं मोठ्यानं वाचलं. "गुरुदास अण्णा, आवो त्यो तर गेला की मंगळवारी. ह्यो निरोप आता सांगू कुणाला?"